कूलरपुढचा बुरांश

विद्याधरराव लघाटे हे पैज लावणाऱ्यांतले गृहस्थ नव्हते. पत्त्यांच्या डावातसुद्धा ते बाजूला बसून दुसऱ्यांची पानं बघत आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नसत, इतके सभ्य. पण सभ्य माणसाचा तोल जायला फार मोठं कारण लागत नाही. झाशीच्या मराठी मंडळाच्या सभेत त्यांनी सहज सांगितलं, की आपल्या गच्चीवर हिमालयातलं एक झुडूप आहे आणि त्याला कळी धरली आहे. त्यावर मंडळाचे चिटणीस मधुसूदन खेर उभे राहिले आणि म्हणाले, "झाशीत हिमालयाचं झाड? मग लघाटे, मी आमच्या न्हाणीघरात मगर पाळतो." सगळी सभा हसली. सतरंजी उचलायला आलेला माणूससुद्धा हसला, आणि त्याला तर मराठी कळत नव्हतं.

विद्याधररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "फुलेल," ते म्हणाले. "आमच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला फुलेल. गौर म्हणजे हिमालयाची लेक. यंदा तिच्यापुढे तिच्या माहेरचं फूल असेल."

"आणि नाही फुललं तर?"

"तर मंडळाचं आभारप्रदर्शन तुमचं."

सभा एकदम शांत झाली. हे शांत होणं बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. मंडळात सगळं काही मधुसूदनरावांकडे होतं. कपाटाच्या किल्ल्या, माईक, गणपतीचं मखर, नाटकाच्या दाढ्यामिशा, सगळं. विद्याधररावांकडे फक्त आभार होते. कार्यक्रम संपत आला, लोक चपला शोधायला लागले, की ते माईकपुढे येत आणि वक्त्यापासून दिवा लावणाऱ्यापर्यंत एकेकाचे आभार मानत. कुणी ऐकत नसे. पण विम्याच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्याच्या सहीचे कागद पुढे सरकवणाऱ्या माणसाला वर्षातून चारदा माईकपुढे उभं राहायला मिळतं, ही लहान गोष्ट नाही. तेवढं एक गेलं असतं तर विद्याधररावांना मंडळात जायला कारणच उरलं नसतं, आणि हे त्यांना शब्द तोंडातून सुटल्यावर कळलं. मधुसूदनरावांनी पैज ताबडतोब स्वीकारली. फूल आलं तर आपण माईकवरून "मी चुकलो" म्हणू, असं त्यांनी जाहीर केलं. मधुसूदनराव चुकल्याची मंडळाच्या इतिहासात नोंद नव्हती.

झुडूप आणलं होतं बबिन्याच्या छावणीतल्या सुभेदार शिवाजीराव जगतापांनी. दिवाळीच्या आधी पहाडातून बदली होऊन आले, तेव्हा तुपाच्या डब्यात घालून मांडीवर घेऊन आले. कमरेइतकं उंच, पानं लांबट, जाड, वरून काळपट हिरवी आणि खालून गंजल्यासारखी, आणि शेंड्याला एक टपोरी कळी. "साहेब, ह्याला बुरांश म्हंत्यात. बर्फात बी हिरवंगार ऱ्हातं बघा!" शिवाजीराव अभिमानाने म्हणाले. बर्फात राहतं हे खरं, पण झाशीत बर्फ फक्त लस्सीत असतो, हा विचार त्या वेळी कुणालाच सुचला नाही. थंडीभर झुडूप मजेत राहिलं. होळी झाली, वारा गरम व्हायला लागला, आणि बुरांशाने पानं खाली सोडली.

पहिला सल्ला शेजारच्या तिवारीजींकडून आला. तिवारीजी जन्माने बुंदेलखंडी आणि स्वभावाने सर्वज्ञ. गच्चीच्या भिंतीवरून वाकून त्यांनी झुडूप नीट न्याहाळलं.

"काए लघाटे भैया, जो कनेर काए खों पालो?"

"कनेर नाही तिवारीजी, बुरांश आहे. बुरांश! पहाड का फूल!"

"अरे भैया, पत्ता देखो। जो तो कनेर आय।"

हा शब्द विद्याधररावांना पुढे महिनाभर छळणार होता. कण्हेर झाशीत स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत कुठेही उगवते. तिला कुणी पाणी घालत नाही आणि ती कुणाकडे मागत नाही. पानं थोडी तशी दिसत होती हे मान्य. पण म्हणून काय माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात? पुढे दूधवाला कनेर म्हणाला, पोस्टमन कनेर म्हणाला, आणि खुद्द विद्याधररावांच्या कचेरीतले साहेब "सुना है आपने कनेर पाली है" म्हणून चौकशी करून गेले.

रविवारी शिवाजीराव बबिन्याहून आले. त्यांनी झुडुपाची अवस्था पाहून टोपी काढली. "साहेब, ह्याला माती आंबट लागती," ते म्हणाले. "आन् गारवा. वरतून उन्हाचा कवडसा चालतो, पर बुडाला गारवा पायजे."

माती आंबट आहे की नाही हे कसं ओळखायचं? विद्याधररावांनी इकडे तिकडे बघून बोट डब्यात घातलं आणि जिभेला लावलं. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई पापड वाळत घालायला वर आल्या.

"अहो! काय खाताय?"

"चव बघतोय."

"आहे का मीठ बेताचं?" अनुसूयाबाईंनी विचारलं आणि पापड तसेच घेऊन खाली गेल्या.

मातीला काहीच चव नव्हती. तेव्हा ताक घालायचं ठरलं. घरचं ताक पुरेना, म्हणून गल्लीत निरोप गेला. झाशीच्या लोकांचं मन मोठं. एकदा म्हटलं की पुरेसं होतं. तिवारीजींच्या घरून मठ्ठा आला. कुणी चिंचेचं पाणी आणलं, कुणी लिंबाच्या साली, कुणी लोणच्याच्या बरणीतला उरलेला खार. खाराबद्दल विद्याधररावांना शंका होती, पण प्रेमाने आणलेल्याला नाही कसं म्हणायचं? दोन दिवसांत गच्चीला असा वास सुटला, की अनुसूयाबाईंनी पापडांचा नाद सोडला. मुंग्या आल्या. मुंग्यांमागे पाली आल्या. आणि ताकाच्या वासाने गल्लीतली एक लठ्ठ मांजर आली, तिने डबा चाटून पुसून स्वच्छ केला आणि झुडुपाला पाठ टेकून त्यातच झोपली. सकाळी बुरांश पूर्वेकडे झुकलेला आणि मांजर तृप्त. विद्याधररावांनी तिला हाकललं, तेव्हा तिने त्यांच्याकडे, म्हणजे घरमालकाकडे, घुसखोराकडे बघावं तसं बघितलं.

एवढं होऊनही कळी शाबूत होती. आता प्रश्न गारव्याचा.

इथे थोडं घरातलं सांगणं भाग आहे. त्या गल्लीत टीव्ही अजून आला नव्हता, पण कूलर आले होते. अनुसूयाबाईंनी किती उन्हाळे मागितला, तेव्हा कुठे त्या साली इलाइट चौराह्यावरून पत्र्याचा एक कूलर टांग्यात घालून घरी आला. खिडकीत बसला. वाळ्याच्या जाळीवर पाणी पडलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा अनुसूयाबाई दुपारी सलग झोपल्या. हे सुख त्यांना आठ दिवस मिळालं. नवव्या दिवशी त्या उठल्या तेव्हा कूलरचं तोंड बैठकीकडे वळलेलं होतं, आणि त्यापुढे पाटावर, खाली ओलं गोणपाट आणि भोवती बर्फाचे खडे अशा थाटात बुरांश विराजमान होता.

"मी कुठे झोपू?" त्यांनी विचारलं.

"फक्त अक्षय्यतृतीयेपर्यंत, अगं."

"गौरीच्या माहेरच्या फुलाला वारा, आणि माझ्या माहेरहून आलेल्या माठावर फडकंसुद्धा ओलं करायला तुम्हाला वेळ नाही." त्या एवढंच बोलल्या. पण त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हतं. विद्याधररावांनी ती आमटी निमूटपणे खाल्ली, कारण ज्याचं चुकलेलं असतं त्याने मीठ मागू नये.

बर्फ रोज मानिक चौकातल्या सरबतवाल्याकडून यायचा. त्याला पहिल्या दिवशी वाटलं, घरात कार्य आहे. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "सब कुसल तो है न, बाबूजी? कोऊ सांत तो नईं हो गओ?" रोज इतका बर्फ माणूस कशासाठी नेतो, याची मानिक चौकात एकच कल्पना होती. त्या संध्याकाळी दोघे ओळखीचे गृहस्थ मान खाली घालून लघाट्यांच्या दारात येऊन उभे राहिले. विद्याधररावांनी स्वतः दार उघडलं तेव्हा दोघांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. ते "अच्छा, तो आप नहीं" असं म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मग वीज कचेरीचा माणूस आला. कूलर रात्रंदिवस चालत असल्यामुळे गल्लीतले दिवे लुकलुकायला लागले होते, आणि तक्रार तिवारीजींनीच केली होती. त्यांचं म्हणणं, सल्ला वेगळा आणि तक्रार वेगळी. त्या माणसाने चष्मा लावून कूलर बघितला, पाट बघितला, बर्फ बघितला.

"ये किसके लिए चल रहा है?"

"पौधे के लिए."

"घरेलू मीटर आदमियों के लिए होता है, साहब। पौधा घरेलू में नहीं आता। इसको नलकूप वाला कनेक्शन लगेगा।"

"नलकूप? म्हणजे विहिरीच्या पंपाचं? बैठकीत?"

"वो आप देखिए। या फिर ये घर का सदस्य हो।"

"घरचाच सदस्य आहे तो!"

"राशन कार्ड पर चढ़ा है?"

तो माणूस मनाचा वाईट नव्हता. त्याला त्यांची दया आली असावी. जाताना त्याने वाट दाखवली: कूलरपुढे एखादा माणूस बसलेला सापडला तर तो कूलर माणसासाठी चालला आहे असं धरता येतं, शेजारी झाड असणं हा योगायोग. मात्र तपासणी कधीही होईल.

तेव्हापासून विद्याधरराव कूलरपुढे बसायला लागले. बर्फावरून आलेला वारा, ओलं गोणपाट, आणि मध्ये बुरांशाच्या खांद्याला खांदा लावून विद्याधरराव. बाहेर लू चालत होती, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि विद्याधररावांना सर्दी झाली. साधीसुधी नाही, पडसं, खोकला आणि कानदुखी. डोक्याला मफलर गुंडाळून ते कचेरीत गेले. साहेबांनी खिडकीबाहेरचं रणरणतं ऊन बघितलं, मफलर बघितला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "लघाटेजी, घर में सब ठीक है? आप छुट्टी ले लीजिए।" ही सुटी त्यांनी आनंदाने घेतली आणि पुन्हा कूलरपुढे जाऊन बसले.

आणि कळी फुगायला लागली.

हे खरंच झालं. टोकाला आधी शेंदरी रेघ दिसली, मग ती रुंदावली. विद्याधरराव तिच्याकडे बघत बसत आणि त्यांना वाटे, आपण आयुष्यात काहीतरी केलं. मुलगा इंजिनिअर झाला तो त्याच्या अकलेने, घर बांधलं ते वडिलांनी, पण हे फूल आपलं. अनुसूयाबाईसुद्धा येता-जाता थांबून बघायला लागल्या. एकदा त्यांनी मफलरची सुटलेली गाठ नीट करून दिली. त्या दिवसापासून आमटीत मीठ परतलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी कळी उमलली. एका देठावर लालभडक फुलांचा झुबका, मुठीएवढा. विद्याधररावांच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि डोळ्यांतूनही, कशातून कुठलं ते सांगता येत नव्हतं. गौर झोपाळ्यात बसवली, पुढे कलिंगडाची कमळं, कैरीची डाळ, पन्हं, हरभऱ्यांची रास आणि मधोमध बुरांश. मधुसूदनराव निकाल बघायला संध्याकाळी येणार होते. विद्याधरराव हळदीकुंकवात पुरुषांनी थांबू नये म्हणून दाराच्या पडद्याआड थांबले.

बायका यायला लागल्या. पहिल्या आल्या सीताबाई आगाशे, मंडळातल्या सगळ्यांत वयस्क. त्यांनी गौरीला नमस्कार केला, आरास बघितली, आणि म्हणाल्या, "अनुसूये, कण्हेर छान फुलली हो तुझी."

पडद्याआड काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

दुसरी म्हणाली कण्हेर. तिसरी म्हणाली, "लाल कण्हेर. आमच्या मागच्या अंगणात आहे, तिला तर कूलर नाही काही!" बायका हसल्या. अनुसूयाबाई "बुरांश आहे तो" म्हणून सांगत राहिल्या, आणि बायका "हो का?" म्हणून डाळ खात राहिल्या. हिमालय उचलून झाशीत आणला, तरी लोक त्याला टेकडी म्हणणार. विद्याधररावांनी पडद्याला कपाळ टेकलं.

शेवटी बबिन्याहून शिवाजीरावांच्या पत्नी कमळाबाई आल्या. बरोबर छावणीतली एक नवी मुलगी होती, रामेश्वरी. कमळाबाईंनी सांगितलं, की हिच्या नवऱ्याचं, नेगी हवालदाराचं, गाव गढवालमध्ये. लग्न होऊन ही थेट बबिन्याला आली, घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही, म्हणून बळेच आणली. मुलीला मराठी येत नव्हतं. ती डोक्यावरचा पदर सांभाळत, खाली बघत आत आली. अनुसूयाबाईंनी कुंकू लावायला तिची हनुवटी वर केली, आणि तिला बुरांश दिसला.

ती सरळ उठली, झुडुपापाशी जाऊन बसली, आणि तिने तो झुबका दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "बुरांस!" आणि रडायला लागली. रडता रडता तिने दोन पाकळ्या तोडल्या आणि तोंडात टाकल्या.

"अगं बाई! कण्हेर खाल्ली!" सीताबाई ओरडल्या. "विष असतं कण्हेरीत!"

मग जो गोंधळ झाला! कुणी म्हणालं मिठाचं पाणी द्या, कुणी म्हणालं पाठीत मारा, कमळाबाईंनी तर मुलीच्या घशात बोट घालायची तयारी केली. एक ताट पन्ह्यासकट उलटलं. सीताबाई देवाचं नाव घेत जिन्याकडे निघाल्या, कारण त्यांना पोलिसांत जबाब द्यायचा नव्हता. आणि या सगळ्याच्या मधोमध ती मुलगी पाकळ्या चघळत, डोळे पुसत, हसत होती. "कुछ नहीं होता, माताजी। हमारे यहाँ सब खाते हैं। चैत में बच्चे दहलीज पर डालते हैं, सरबत बनता है, चटनी बनती है।" तिने एक पाकळी अनुसूयाबाईंपुढे धरली. अनुसूयाबाईंनी क्षणभर पडद्याकडे बघितलं, आणि पाकळी खाल्ली.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "छान आहे."

त्यावर राहवलं कुणाला? कमळाबाईंनी चव बघितली. सीताबाई जिन्यावरून परत आल्या आणि एकदा बघू म्हणून तीन पाकळ्या खाऊन बसल्या. मुलगी आता घडाघडा बोलत होती; गावच्या जंगलाबद्दल, आईबद्दल, लाल झालेल्या डोंगराबद्दल; छावणीत महिनाभर न बोललेलं सगळं एकदम. आपल्या हाताने ती एकेक पाकळी वाटत होती आणि बायका प्रसादासारख्या घेत होत्या. पडद्यामागे विद्याधररावांना दिसत होतं, की झुबका लहान होतो आहे. ओरडावंसं वाटलं. ओरडायला तोंड उघडलं आणि शिंक आली. शिंकून होईपर्यंत देठ रिकामा झाला होता.

आणि जिन्यावर मधुसूदनरावांचा आवाज आला.

ते आत आले ते मंडळाचं इतिवृत्ताचं बाड काखेत घेऊनच. बोडका देठ बघून त्यांचा चेहरा उजळला. "फूल कुठे आहे, लघाटे?"

"आलं होतं!" अनुसूयाबाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी बघितलं!"

"वहिनी, ऐकीव गोष्ट मंडळ धरत नाही. आलं असेल तर गेलं कुठे? कुणी तोडलं?" मधुसूदनरावांनी बोट देठावर रोखलं, मग बायकांवरून फिरवलं. "ज्याने तोडलं त्याचं नाव सांगा, नोंद करतो. मंडळाच्या पैजेतला पुरावा आहे तो!"

मुलीला शब्द कळले नाहीत, पण बोट कळलं. तिने हात पदराआड लपवले. तिची बोटं लाल होती. आत्ताच फुललेला तिचा चेहरा एका क्षणात मिटला, आणि ती कमळाबाईंच्या मागे सरकली.

विद्याधरराव पडद्याबाहेर आले. डोक्याला मफलर, नाक लाल. आभारप्रदर्शन त्यांच्या अगदी हाताशी होतं. नुसतं एक नाव घ्यायचं, मुलीने मान हलवायची, आणि मधुसूदनराव माईकवरून "मी चुकलो" म्हणणार. त्यांनी त्या मुलीकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"कुणी नाही तोडलं," ते म्हणाले. "फुललंच नाही. कळी गळाली. तुमचं बरोबर होतं, मधुसूदनराव. आभार तुमचे."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मधुसूदनरावांनी समाधानाने लिहून घेतलं आणि आता आलोच आहोत तर, म्हणून तिथेच पहिलं आभारप्रदर्शन सुरू केलं. त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीचे आभार मानले, माजी चिटणीसांचे मानले, स्वतःचे मानले. ज्या घरात उभे होते त्या घराचे मानायचे राहून गेले. विद्याधरराव भिंतीला टेकून ऐकत होते. फार वाईट होतं आभारप्रदर्शन. त्यांना मनापासून रडू येत होतं, आणि बरंही वाटत होतं.

"झालं का?" सीताबाई मध्येच म्हणाल्या. "मग आता अनुसूयेने नाव घ्यायचं. हळदीकुंकू आहे, सभा नव्हे."

एरवी अनुसूयाबाई उखाणा घ्यायला आढेवेढे घेत. त्या दिवशी त्यांनी आधी रामेश्वरीला हाताला धरून गौरीशेजारच्या पाटावर बसवलं, तिची ओटी भरली, आणि पदर खोचून, मधुसूदनरावांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"हिमालयाची लेक रमली झाशीच्या उन्हात,
विद्याधरराव पैज हरले, आणि भरले मनात."